चार कोपरे, सहा पाय

बसा रे पोरांनो, आणि आधी एक कोडं सोडवा. हा घ्या चौकोनी कागद. याला कोपरे किती? चार. आता जपानी लोक करतात तो कागदी क्रौंच पक्षी आठवा. मान एक, शेपूट एक आणि पंख दोन. कोपरे चार, टोकं चार. हिशेब जुळला.

आता याच कागदातून भुंगेरा करायचा. भुंगेऱ्याला पाय सहा, मिशा दोन, शिवाय पुढे डोकं आणि मागे पोट. म्हणजे टोकं झाली दहा. कागदाला कोपरे मात्र चारच. मग उरलेली सहा टोकं आणायची कुठून?

चिमे, कात्री खाली ठेव. या खेळात कात्री चालत नाही आणि डिंकही चालत नाही. कागद एकच घ्यायचा आणि त्याला फक्त घड्या घालायच्या. ही अट पाळून लोकांनी दहा टोकांचा भुंगेरा केलाय, नांग्या उगारलेला खेकडा केलाय आणि अंगावर खवलान्‌खवला असलेला ड्रॅगनसुद्धा केलाय. दादा, तू म्हणशील की घड्या घालत बसले असतील, कधीतरी आपोआप जमलं असेल. तसं नाही हो. घड्या घालत राहून भुंगेरा सापडत नाही. तो आधी डोक्यात आखावा लागतो. आता ही आखणी कशी सुचली, तीच तर गोष्ट आहे.

जपानात कागदाच्या घड्या घालण्याची, म्हणजे ओरिगामीची, हौस फार जुनी. १७९७ साली तिथे ‘सेन्बाझुरु ओरिकाता’ नावाचं पुस्तक निघालं. एकाच कागदाला मधे मधे काप देऊन एकमेकांना जोडलेले क्रौंच कसे करायचे, याचे एकोणपन्नास प्रकार त्यात दिले होते. नुसत्या गमतीसाठी घड्या घालायला शिकवणारं ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक ते हेच. पण पुढची शंभर-दीडशे वर्षं बहुतेक लोक तेच ठरलेले आकार करत राहिले. आजीने आईला शिकवायचं आणि आईने मुलीला. आपल्याकडे होडी, शिडाची होडी आणि विमान जसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, अगदी तसंच.

मग आला अकिरा योशिझावा. जन्म १९११ सालचा. पोरवयातच तोक्योच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे तिथल्या शिकाऊ कामगारांना भूमिती समजावून द्यायची पाळी आली, तेव्हा तो कागदाला घड्या घालून दाखवायचा. त्या घड्यांचं त्याला असं वेड लागलं की त्याने कारखान्याची नोकरीच सोडली. दारोदार खाद्यपदार्थ विकून पोट भरायचं आणि उरलेला सगळा वेळ कागद दुमडायचा. बरीच वर्षं असं हलाखीत काढल्यावर एका मासिकाने त्याच्याकडून जपानी राशिचक्रातले बारा प्राणी करून घेतले. ते १९५२ च्या जानेवारीत छापून आले आणि योशिझावाचं नाव देशभर झालं. १९५४ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात त्याने एक सोपी चित्रलिपी वापरली होती. घडी आत जाणार असेल तर तुटक रेघ, बाहेर येणार असेल तर रेघ आणि टिंब, आणि कागद कुठून कुठे न्यायचा ते दाखवायला बाण. आत जाणारी ती दरीघडी आणि वर येणारी ती डोंगरघडी. आज ब्राझीलमधला मुलगा जपानी पुस्तक उघडतो, त्याला एक अक्षर वाचता येत नाही, तरी तो त्यातला ससा करू शकतो, तो या खुणांमुळेच.

योशिझावाने पुढच्या आयुष्यात हजारो नवे आकार केले. कागद किंचित ओला करून त्याला गोलाई द्यायची युक्तीही त्याचीच. पण एक अडचण सुटत नव्हती. त्या काळात नवा आकार शोधायचा म्हणजे जुन्या ओळखीच्या घडीपासून सुरुवात करायची. क्रौंचाचा पाया घ्यायचा, बेडकाचा पाया घ्यायचा, इकडे दुमडायचं, तिकडे ओढायचं, आणि मग म्हणायचं, अरे, हे तर कुत्र्यासारखं दिसतंय! आधी घडी घालायची आणि नाव नंतर द्यायचं. अशाने चार पायांचं जनावर जमायचं. सहा पायांच्या किड्याला हात लावायला भलेभले कचरायचे. लांबसडक, बारीक पाय आणायचे म्हणजे टोकं हवीत आणि टोकांसाठी कोपरे हवेत.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांनी घातलेली घडी उलगडली.

दादा, तो मघाशी केलेला क्रौंच उघड बरं. सगळा सपाट कर. काय दिसतं? नुसत्या रेघा. पण हा त्या पक्ष्याचा नकाशा आहे. यातला कुठला तुकडा मान झाला, कुठला पंख झाला, ते बोट ठेवून सांगता येतं. १९८० च्या सुमारास जपानात जुन माएकावा नावाचा तरुण असे नकाशे वाचायला शिकला. तो पदार्थविज्ञान शिकलेला. घड्या आधी कागदावर रेघांनी आखायच्या आणि मग दुमडायच्या, अशी त्याची उलटी रीत. याच रीतीने त्याने एक राक्षस केला. एकाच चौकोनातून, शिंगं, पंख, शेपूट आणि हाताची पाची बोटं असलेला! लोक थक्क झाले.

याच माएकावाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. नकाशात मधे कुठेतरी एक बिंदू निवडा, जिथे बऱ्याच रेघा येऊन मिळतात. त्यातल्या डोंगरघड्या मोजा, दरीघड्या मोजा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर नेहमी दोन. क्रौंच असो, होडी असो, ड्रॅगन असो, सपाट मिटणाऱ्या कुठल्याही घडीत उत्तर दोनच. का ते सांगतो. मिटलेल्या कागदावर त्या बिंदूभोवती एक फेरी मारतोय असं समज. डोंगरघडी आली की तू एका बाजूला १८० अंशांत वळतोस. दरीघडी आली की उलट बाजूला १८० अंशांत. फेरी पुरी झाली म्हणजे एकूण वळण किती झालं? ३६० अंश. म्हणजे दोनदा १८०. एका दिशेची वळणं दुसऱ्या दिशेच्या वळणांनी खोडली गेली की शिल्लक दोनच राहणार. बघ, सिद्धता इतकीच आहे!

आता खऱ्या युक्तीकडे वळू. भुंगेऱ्याचा एक पाय हवा. लांब आणि बारीक. समजा पाच सेंटिमीटर. त्याला कागद किती लागेल? चिमी म्हणते, पाच सेंटिमीटरची एक पट्टी. पण पट्टी कापायला कात्री कुठाय आपल्याकडे?

ती कोपऱ्यातली छत्री आण बघू. मिटलेली छत्री म्हणजे आपला पाय. बारीक आणि लांब. आता ती उघड. टोक मधे राहिलं आणि कापड चहूकडे गोल पसरलं. छत्रीची मिटलेली लांबी हीच त्या गोलाची त्रिज्या. कागदाचंही असंच होतं. पाच सेंटिमीटरचा बारीक पाय कागदाच्या मधोमधून काढायचा, तर पायाच्या टोकाभोवती पाच सेंटिमीटर त्रिज्येचं आख्खं वर्तुळ त्यात खर्ची पडतं. ते वर्तुळ त्या पायाच्या नावावर झालं. त्यातला कागद दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आता पाय कागदाच्या कडेवरून काढला तर? वर्तुळाचा अर्धा भाग कागदाबाहेर पडला, म्हणजे खर्च निम्मा झाला. आणि कोपऱ्यातून काढला तर पाव वर्तुळातच भागलं. पाच सेंटिमीटरच्या पायाला मधोमध सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर कागद लागतो, तर कोपऱ्यात वीसही लागत नाहीत. आता कळलं का, जुने लोक टोकं कोपऱ्यातूनच का काढायचे? तिथे ती स्वस्त पडायची. पण कोपऱ्याशिवाय टोक निघतच नाही, ही समजूत खोटी होती. टोक कुठूनही निघतं, किंमत तेवढी मोजावी लागते.

हे क्रौंचावर पडताळून पाहू. २० सेंटिमीटरचा चौकोन घे. कंपासने प्रत्येक कोपऱ्यात १० सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ काढ. शेजारची वर्तुळं एकमेकांना बरोब्बर टेकली. ही झाली मान, शेपूट आणि दोन पंख. मधे एक जागा उरली ना? त्यात सगळ्यांना टेकणारं एक छोटं वर्तुळ बसतं. कर्णाचा अर्धा भाग १४.१४ सेंटिमीटर, त्यातून १० गेले, उरले ४.१४. एवढ्या त्रिज्येचं हे पाचवं टोक. पक्ष्याच्या पाठीवर पंखांच्या मधे जो त्रिकोणी उंचवटा येतो ना, तो हाच. शेकडो वर्षं माणसं क्रौंच करत आली आणि त्या चौकोनात पाच वर्तुळं लपलेली होती.

दोन वर्तुळं एकमेकांवर चढलेली का चालत नाहीत, हे विचारलंस ते छान केलंस दादा. कागद ताणला जात नाही, म्हणून. मिटलेल्या भुंगेऱ्यावर एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत दोरा लावायचा, तर तो पहिला पाय उतरणार आणि दुसरा पाय चढणार. पाच आणि पाच, दहा. आता घडी घातल्याने कागदावरचे दोन बिंदू जवळ येऊ शकतात, पण लांब कधीच जात नाहीत. म्हणून उलगडलेल्या कागदावर त्या दोन टोकांत निदान दहा सेंटिमीटर अंतर हवंच. म्हणजे वर्तुळं फार तर एकमेकांना टेकतील, आत शिरणार नाहीत. आणि पुढच्या पायांच्या आणि मागच्या पायांच्या मधे लांब धड हवं असेल, तर वर्तुळांच्या दोन गटांमधून धडाच्या लांबीइतकी रुंद पट्टी मोकळी सोडायची. या पट्टीला हे लोक नदी म्हणतात. नदी वळत जाते, पण तिची रुंदी सगळीकडे सारखी राहते.

वर्तुळं मांडून झाली, पण अजून एकही घडी ठरलेली नाही. त्यासाठी टेकलेल्या वर्तुळांचे मध्य सरळ रेघांनी जोडायचे. कागदावर त्रिकोण आणि चौकोन तयार होतात. आता एक त्रिकोण घे. त्याच्या तिन्ही कोनांचे दुभाजक काढ. शाळेत शिकला आहेस, ते एकसंपाती असतात. तिन्ही एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूपासून तिन्ही बाजूंवर लंब टाक. लंब कुठे पडले? जिथे वर्तुळं एकमेकांना टेकली होती, नेमके तिथेच! या रेघांवर घडी घातली की त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एकाच सरळ रेषेवर येऊन बसतात आणि तीन टोकं सुटी होतात. चौकोनांसाठी आणि त्याहून जास्त बाजूंच्या आकृत्यांसाठीही अशा ठरलेल्या घड्या लोकांनी शोधल्या. एकेक आकृती भरत गेलं की नकाशा पुरा होतो.

कागदाच्या घडीत भूमिती असते, हे आपल्या देशातही एकाने फार आधी ओळखलं होतं. मद्रासला टी. सुंदर राव नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बालवाडीतल्या पोरांच्या कागदकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. कंपास न घेता, नुसता चौकोनी कागद दुमडून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, अगदी वक्ररेषांवरचे बिंदूसुद्धा कसे मिळवायचे ते त्यांनी दाखवलं. जर्मनीतला थोर गणिती फेलिक्स क्लाइन याने त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ साली अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. तर मद्रासचं पुस्तक असं शिकागोपर्यंत पोचलं.

वर्तुळांच्या युक्तीकडे परत येऊ. जपानात तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत रॉबर्ट लँग हे दोघं साधारण एकाच काळात, आपापल्या वाटेने तिच्यापर्यंत पोचले. मग काय विचारता! १९९० च्या दशकात जपानातल्या ओरिगामीवाल्यांच्या एका मंडळात किड्यांची चढाओढच लागली. एकाने सहा पायांचा भुंगेरा आणला की दुसरा शिंगं असलेला आणायचा. मग तिसरा पंख उघडून उडण्याच्या तयारीत असलेला आणायचा. लँगही त्यात उतरला. या चढाओढीला लोकांनी किड्यांची लढाई असंच नाव दिलं. ज्या किड्याला हात लावायला आधी कुणी धजत नव्हतं, त्याचे शेकडो प्रकार काही वर्षांत झाले.

हा लँग मुळात पदार्थविज्ञानातला माणूस. लेझरवर संशोधन करायचा, काही काळ नासाच्या प्रयोगशाळेतही होता. लहानपणापासून घड्यांचा नाद. पुढे २००१ साली नोकरी सोडून पूर्णवेळ हाच उद्योग त्याने पत्करला. त्याच्या लक्षात आलं की वर्तुळं मांडणं दिसतं तेवढं सोपं नाही. दहा टोकं असली तर त्यांच्या जोड्या किती? पंचेचाळीस. प्रत्येक जोडीतलं अंतर पुरेसं हवं. एक वर्तुळ जरा सरकवलं की नऊ जोड्यांचा हिशेब बदलतो. शिवाय नुसतं बसवून भागत नाही. वर्तुळं होतील तेवढी मोठी हवीत. कारण वर्तुळं लहान राहिली तर मोठा थोरला कागद घेऊनही हातात येतो इवलासा भुंगेरा, आणि तोही घड्यांच्या थरांनी जाडजूड झालेला.

असा हिशेब करावा तो संगणकानेच. १९९० च्या सुमारास लँगने ‘ट्रीमेकर’ नावाची प्रणाली लिहायला घेतली आणि ती वर्षानुवर्षं सुधारत नेली. तिला चित्र काढून द्यावं लागत नाही. नुसत्या काड्यांचा प्राणी काढायचा. एक काडी पोटाची, एक डोक्याची, सहा काड्या पायांच्या, दोन मिशांच्या. प्रत्येक काडीशेजारी तिची लांबी लिहायची. डाव्या-उजव्या बाजू सारख्या हव्यात का, डोकं कागदाच्या मधल्या रेषेवर हवं का, असल्या अटीही घालता येतात. मग संगणक सगळ्या टोकांना थोडं थोडं सरकवत, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस अटी सांभाळत, आणखी थोडं मोठं करता येतं का ते बघत जातो. जिथे पुढे सरकायला जागा उरत नाही तिथे थांबतो आणि घड्यांचा नकाशा आखून देतो. १९९८ च्या सुमारास ही प्रणाली इतकी तयार झाली की नुसत्या हाताने काढता येणार नाहीत असे नकाशे ती काढू लागली.

मग माणसाला काम काय उरलं, असं विचारतोस? ऐक तर.

पहिलं म्हणजे, तो नकाशा छापून कागद हातात घेतला तरी घडी घालायची कशी हा प्रश्न असतोच. संगणकाने काढलेल्या रेघा कुठल्याही बिंदूतून, कुठल्याही कोनात जातात. कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्या सापडत नाहीत. म्हणून लँगने दुसरी एक प्रणाली लिहिली. अमुक बिंदू हवा असं सांगितलं की तो थोडक्या घड्यांत जवळपास कसा गाठायचा ते ती शोधून देते. बरेच कलाकार मात्र आपल्याला सोयीचे कोन आधीच ठरवून घेतात. काटकोनाचा निम्मा ४५ आणि त्याचा निम्मा २२.५ अंश. किंवा कागदावर आधी सारखे चौकडे पाडून घेतात आणि वर्तुळांऐवजी चौरस मांडतात. असं केल्याने कागद थोडा जास्त जातो, पण घडी नेमकी बसते.

दुसरं असं की, संगणक देतो तो प्राण्याचा सांगाडा. पायाच्या जागी टोक आणि मिशीच्या जागी टोक. गुडघा कुठे वाकवायचा, पाठीची गोलाई किती ठेवायची, भुंगेरा चालतोय की दबा धरून बसलाय, यातलं संगणकाला काही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात आधीचं म्हणजे, त्या काड्या कुणी काढल्या? कुठला पाय लांब आणि कुठला आखूड, पोट दाखवायचं की पंखांनी झाकायचं, हे ज्याने भुंगेरा नीट पाहिलाय त्यालाच ठरवता येतं. चुकीच्या काड्या दिल्या तर संगणक चुकीच्याच भुंगेऱ्याचा अचूक नकाशा काढून देतो.

ही झाली टोकांच्या प्राण्यांची रीत. पण समजा पाय-मिशा असलेलं काही नकोय, बशी हवी आहे, नाहीतर माणसाचा चेहरा. तिथे काड्या काय उपयोगाच्या? एरिक डिमेन नावाचा कॅनडातला मुलगा विसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याने, त्याच्या वडलांनी आणि एका सहकाऱ्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी सिद्ध करून दाखवलं की सपाट पृष्ठांची कुठलीही घनाकृती, मग ती कितीही वेडीवाकडी असो, पुरेशा मोठ्या कागदातून घड्या घालून करता येतेच. सिद्धता पक्की होती, पण रीत अगदीच उधळी. कागदाची आधी लांबच लांब बारीक पट्टी करायची आणि ती त्या आकृतीभोवती फिरवत फिरवत सगळं अंग झाकायचं. म्हणजे ‘करता येईल का’ याचं उत्तर मिळालं, पण करायला कुणी बसलं नाही.

मग जपानच्या तोमोहिरो ताचीने २००८ साली ‘ओरिगामायझर’ आणला. त्याला पडद्यावर एखादी त्रिकोणांनी बनलेली आकृती द्यायची. तो ते सगळे त्रिकोण एका सपाट कागदावर सुटे सुटे पसरतो आणि त्यांच्या मधल्या जागेतला जादा कागद आतल्या बाजूला कसा दुमडून दडवायचा ते आखतो. संगणकचित्रांच्या दुनियेत स्टॅनफर्डचा एक ससा प्रसिद्ध आहे. कुठलीही नवी युक्ती निघाली की आधी त्याच्यावर करून बघतात. ताचीने तो ससा एका अखंड कागदातून स्वतःच्या हातांनी दुमडून दाखवला. पुढे २०१७ साली डिमेन आणि ताची या दोघांनी मिळून आणखी पक्की रीत मांडली. तिच्यात घनाकृतीच्या कडांना कुठेही फट राहत नाही.

आता तर घडी घालण्याआधी ती पडद्यावर मिटवून पाहता येते. जुन मितानीची ‘ओरिपा’ नावाची प्रणाली आहे. तिच्यात नकाशा काढला की घडी मिटल्यावर कशी दिसेल ते कळतं. अमांडा घसाई या संशोधिकेने केलेल्या प्रणालीत तर नकाशा आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू वर उचलला जातो आणि कागदावर ताण कुठे पडतोय ते रंगांनी दिसतं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुठलाही नकाशा दिला तर तो सपाट मिटेल की नाही हे ठरवणं संगणकालाही फार जड जातं. नकाशा वाढत गेला की हिशेब हाताबाहेर जाऊ शकतो, हे १९९६ साली मार्शल बर्न आणि बॅरी हेज या दोघांनी सिद्ध केलंय. कारण कुठला थर वर आणि कुठला खाली, याच्या शक्यता पटापट वाढत जातात.

चिमे, जांभई देतेयस? थांब, तुझ्या आवडीचं आता येतंय.

माणसाच्याही आधी कागदासारख्या पातळ वस्तू कोण दुमडत होतं? झाडाची पानं. कळीतून बाहेर येणारं काही झाडांचं पान बघ. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना कशा तिरप्या चुण्या असतात आणि ते एकदम उलगडत जातं. कोर्यो मिउरा नावाच्या जपानी अभियंत्याने अशाच तिरप्या चुण्यांची एक घडी शोधली. दोन टोकं धरून ओढली की सगळा कागद एका झटक्यात उघडतो आणि ढकलली की मिटतो. १९९५ साली जपानने अवकाशात पाठवलेल्या एका यानावर या घडीने मिटवलेला सौरपट उघडून पाहिला. रॉकेटमधे जागा थोडी आणि आकाशात पसरायचं मोठं. असा पेच आला की अभियंते आता ओरिगामीवाल्यांना गाठतात.

आणि किडे! शेपटीला चिमटा असलेला एक छोटा तपकिरी किडा असतो. इंग्रजीत त्याला इअरविग म्हणतात. कुंडी उचलली की ओल्या मातीत कधी कधी दिसतो. त्याच्या पाठीवर पंख आहेत, हे बघूनही कळत नाही. पण ते उघडले की मिटलेल्या आकाराच्या दहापटींहून जास्त पसरतात. किड्यांच्या पंखांतल्या घड्यांमधली ही फार दाट घडी. २०२० साली काझुया साइतो आणि त्याच्या सोबत्यांनी या पंखाच्या घड्या कशा आखल्या जातात त्याची भूमिती शोधून काढली आणि तिच्यावरून असे पंख आखून देणारी संगणकप्रणालीही केली. मग त्यांनी तीच भूमिती या किड्याच्या नातलगांच्या २८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांना लावून पाहिली. दगडात उमटलेल्या शिरांवरून तो पंख तेव्हा कसा मिटत असेल, हे त्यांना सांगता आलं. कागदाच्या किड्यांसाठी जमवलेली विद्या खऱ्या किड्यांच्या पणजोबांपर्यंत पोचली, ती अशी.

पण जो नियम भुंगेऱ्याच्या नकाशात आहे तोच तुमच्या होडीतही आहे, यावर विश्वास ठेवू नका. तपासा. होडी करा आणि पूर्ण उलगडा. मधल्या एखाद्या बिंदूवर डोंगर आणि दऱ्या मोजा. उत्तर दोन येतं का बघा. मग कोनमापक घ्या आणि त्याच बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक मोजा. त्यांची बेरीज १८० अंश यायला हवी. हा कावासाकीचा नियम. मग रंगाच्या पेन्सिली घ्या आणि रेघांनी पडलेले तुकडे दोनच रंगांत रंगवा, शेजारचे दोन कधीही एका रंगाचे नकोत. जमेलच, कारण मिटलेल्या होडीत एक रंग आकाशाकडे तोंड करून असतो आणि दुसरा जमिनीकडे.

तेवढं झालं की घरातले रुपये, दोन रुपये, पाच रुपये गोळा करा आणि घोटीव कागदाच्या चौकोनावर मांडा. नाणं कडेच्या बाहेर अर्धं गेलं तर चालेल, कोपऱ्यात पाऊणही बाहेर चालेल, पण एकावर एक चढायला नको. प्रत्येक नाणं म्हणजे एक टोक. मोठं नाणं म्हणजे लांब टोक. मात्र नाणी हातात घेण्याआधी आपल्याला काय करायचंय ते ठरवा. लांब कानांचा ससा की लांब शेपटीचं माकड? दादा ससा म्हणतोय आणि चिमी माकड. घ्या, इथेच भांडण! मिटवा आधी. तेवढं ठरवून देणारा संगणक अजून कुणी केलेला नाही.